‘कॅच’मध्ये शून्य परत करू नका : जावामध्ये चुकीच्या फॉरमॅटचा डेटा कसा हाताळावा

प्रश्न थोडक्यात असा : एका पतसंस्थेच्या सभासदांची माहिती एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून जावा प्रोग्रामने डेटाबेसमध्ये भरायची आहे. सभासद क्रमांक, नाव, जन्मतारीख, ठेवीची रक्कम, आधार, बँक खाते आणि आयएफएससी असे स्तंभ आहेत. मधल्याच एखाद्या ओळीवर ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ (मजकुरातून आकडा वाचता आला नाही, अशी जावाची तक्रार) येते आणि सगळे काम थांबते. म्हणून प्रश्नकर्त्याने वाचनाच्या पूर्ण लूपमध्ये ‘ट्राय-कॅच’ (एक्सेप्शन आले तर ते पकडून पुढे काय करायचे ते सांगणारी रचना) घातला, ‘कॅच एक्सेप्शन’ (कोणतेही एक्सेप्शन पकडा) लिहिले आणि आकडा वाचता आला नाही तर शून्य परत केले. आता फाइल शेवटपर्यंत जाते. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर काय करावे?

बरोबर नाही. आणि ‘जमलं तर बदला’ अशा सुरात मी हे सांगणार नाही. आजच बदला. ठेवीच्या स्तंभात शून्य हा अर्थ असलेला आकडा आहे : या सभासदाची ठेव नाही. फाइलीत ‘५०००/-’ लिहिलेले होते, पार्सरला (मजकुरातून आकडा किंवा तारीख काढणाऱ्या कोडला) ते वाचता आले नाही आणि तुमच्या प्रोग्रामने त्या माणसाची ठेव नाही असे डेटाबेसमध्ये लिहून टाकले. एक्सेप्शन खरे सांगत होते, त्याच्या जागी आपण खोटी माहिती भरली. यापुढे कोणताही रिपोर्ट काढला तरी हे शून्य खऱ्या शून्यापासून ओळखता येणार नाही.

(पुढची उदाहरणे वाचताना फाइलीत इंग्रजी अंक आहेत असे धरा. देवनागरी अंकांचा मुद्दा वेगळा आहे, तो पुढे येईल.)

आधी एक्सेप्शन नेमके काय सांगते ते पाहू. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या ‘इंटिजर.पार्सइंट’ला न पटणारा मजकूर मिळाला की ते नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकते. हे ‘इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन’चे अपत्य आहे आणि तेही ‘रनटाइमएक्सेप्शन’च्याच घराण्यातले. म्हणजे अनचेक्ड : पकडलेच पाहिजे असे कंपायलर सांगत नाही. तारीख वाचणाऱ्या जुन्या ‘सिंपलडेटफॉरमॅट’चे ‘पार्सएक्सेप्शन’ मात्र चेक्ड आहे, आणि जावा ८ सोबत आलेल्या नव्या तारीख-वेळ लायब्ररीचे ‘डेटटाइमपार्सएक्सेप्शन’ पुन्हा अनचेक्ड. त्यामुळे एकाच फाइलीतल्या एका स्तंभासाठी कंपायलर मागे लागतो आणि दुसऱ्यासाठी गप्प बसतो. याला कंटाळून लोक सरसकट ‘कॅच एक्सेप्शन’ लिहितात, आणि खरा घोटाळा तिथे होतो. त्या जाळ्यात फॉरमॅटच्या चुकांसोबत ‘नलपॉइंटर’ (नसलेल्या वस्तूला हात लावला) आणि ‘अ‍ॅरेइंडेक्सआउटऑफबाउंड्स’ही (यादीबाहेरचा घटक मागितला) अडकतात. म्हणजे तुमच्या कोडमधला बगसुद्धा ‘सभासदाने आकडा चुकीचा दिला’ या नावाखाली गाडला जातो.

याचे अगदी तुमच्या फाइलीतले उदाहरण. रक्कम ‘१,२५,०००’ अशी असेल तर एक्सेल सीएसव्ही करताना ती दुहेरी अवतरणात घालते. तुम्ही ओळ ‘स्प्लिट’ने स्वल्पविरामावर तोडत असाल तर त्या एका रकमेचे तीन तुकडे होतात आणि पुढचे सगळे स्तंभ दोन घरे सरकतात. रकमेच्या जागी अवतरणचिन्हासकट ‘१’ येतो, आधारच्या जागी ‘२५’, खात्याच्या जागी ‘०००’. आता जे एक्सेप्शन येईल त्याचा डेटाच्या फॉरमॅटशी काही संबंध नाही, फाइल वाचायची रीतच चुकली आहे. सीएसव्ही हाताने तोडू नका. अपाची कॉमन्स सीएसव्ही घ्या, ओपनसीएसव्ही घ्या, दोन्ही चालतात. पत्त्याच्या सेलमध्ये कुणी आल्ट-एंटर दाबून दोन ओळी केल्या असतील तर तेही या लायब्रऱ्या नीट सांभाळतात.

आता मुख्य गोष्ट. फॉरमॅटचा विषय निघाला की सगळे जण एक्सेप्शन आल्यावर काय करायचे एवढेच विचारतात. मला जास्त काळजी वाटते ती एक्सेप्शन यायला हवे होते आणि आले नाही, त्या जागांची. आलेले एक्सेप्शन त्याच दिवशी दिसते. न आलेले सहा महिन्यांनी, कुणीतरी पासबुक घेऊन काउंटरवर उभे राहिले की दिसते.

तारखेपासून सुरू करू. सिंपलडेटफॉरमॅट मुळातच ‘लिनियंट’ (सैल) असतो. त्याला ‘३१/०२/२०२४’ द्या, तो काहीही न बोलता २ मार्च २०२४ परत करतो. तारखेच्या मागे ‘अबक’ चिकटवा, तरी चालते, कारण सुरुवातीचा भाग जुळला की तो पुढचे बघतच नाही. शिवाय तो थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेडनी वापरला तर बरोबर तारखाही बिघडू शकतात. नव्या कोडमध्ये तो वापरायला आज एकही कारण उरलेले नाही.

मग नव्या लायब्ररीतला ‘डेटटाइमफॉरमॅटर’ वापरला की झाले? इथे बरेच अनुभवी लोकही फसतात. ‘ऑफपॅटर्न’ने बनवलेला फॉरमॅटर मुळात ‘स्मार्ट’ पद्धतीने चालतो. ‘३२/०१/२०२४’ तो नाकारतो, पण ‘३१/०२/२०२४’ला मुकाट्याने २९ फेब्रुवारी करून देतो. महिन्यात बसत नसलेला दिवस तो महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणून ठेवतो. म्हणून ‘रिझॉल्व्हरस्टाइल.स्ट्रिक्ट’ (काटेकोर पद्धत) लावायचे. ते लावले की लगेच दुसरी अडचण समोर येते : पॅटर्नमध्ये वर्षासाठी चार ‘वाय’ असतील तर अगदी बरोबर तारीखसुद्धा नाकारली जाते. कारण ‘वाय’ म्हणजे त्या युगातले वर्ष, आणि स्ट्रिक्टला युग कोणते (इसवी सन की इसवी सनापूर्व) तेही लागते, ते आपण दिलेले नसते. चार ‘वाय’च्या जागी चार ‘यू’ लिहा, प्रश्न मिटतो. दिवस आणि महिन्यासाठी एकेकच अक्षर ठेवा, म्हणजे ‘५/८/१९९०’ आणि ‘०५/०८/१९९०’ दोन्ही वाचले जातील. वर्षाला दोन अक्षरे कधीच नकोत : नव्या लायब्ररीत दोन आकडी ‘४७’ म्हणजे २०४७, आणि तुमचा ज्येष्ठ सभासद अजून जन्मायचा आहे असे डेटाबेस म्हणेल. चार ‘यू’ असले की ‘४७’वर सरळ एक्सेप्शन येते. आपल्याला तेच हवे आहे.

कोणताही पार्सर पकडू शकणार नाही अशी एक चूक मात्र उरतेच. ‘०४/०७/१९८५’ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल? ज्या संगणकावर फाइल बनली तिथे विंडोजची तारीख-मांडणी अमेरिकी असेल तर महिना आधी येतो. एकटी ओळ बघून याचे उत्तर मिळत नाही, अख्खा स्तंभ बघावा लागतो. दुसऱ्या जागी १२ पेक्षा मोठा आकडा कुठेही दिसला तर ती फाइल महिना-आधी पद्धतीची आहे किंवा दोन पद्धतींची भेसळ आहे, आणि दोन्ही वेळा पूर्ण फाइल परत पाठवायची. तारखेच्या जागी ‘४५२९२’ असा आकडा दिसला तर दचकू नका, तो एक्सेलचा आतला दिवस-क्रमांक आहे, १ जानेवारी २०२४ चा.

आकड्यांकडे या. पैशांसाठी ‘डबल’ (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, ‘बिगडेसिमल’ (दशांश अचूक साठवणारा) वापरा, हे तुम्हाला माहीत असेलच. फॉरमॅटच्या दृष्टीनेही डबल घातक आहे : ‘डबल.पार्सडबल’ आजूबाजूच्या मोकळ्या जागा (स्पेस) स्वतः काढून टाकते आणि ‘एनएएन’ (संख्या नाही), ‘इन्फिनिटी’, शेवटी ‘डी’ किंवा ‘एफ’ लावलेला आकडा हे सगळे आनंदाने स्वीकारते. याउलट पार्सइंट एका स्पेसवरही अडते. नल (काहीच मूल्य नाही) दिला तर पार्सइंट नंबरफॉरमॅटएक्सेप्शन फेकते आणि पार्सडबल नलपॉइंटरएक्सेप्शन. ‘नंबरफॉरमॅट.पार्स’ तर ‘१२अबक’मधले १२ उचलून बाकीचे सोडून देते. एवढी विसंगती असताना ‘फॉरमॅट चुकला की जावा सांगेलच’ यावर विसंबता येत नाही. बिगडेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला देण्याआधी तुमचा स्वतःचा नियम रेजेक्सने (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्राने) तपासा : आकडे, हवे तर एक टिंब आणि पुढे जास्तीत जास्त दोन आकडे, आणि ठेव ऋण असूच शकत नाही म्हणून वजाचिन्ह नाही.

हा नियम का हवा, ते आधारच्या स्तंभात सगळ्यात स्पष्ट दिसते. १२ आकडी आधार क्रमांक एक्सेलच्या साध्या सेलमध्ये टाइप केला की तो ‘१.२३४५७ई+११’ असा दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही केली की हाच मजकूर फाइलीत जातो आणि शेवटचे आकडे कायमचे गेले. आता तो बिगडेसिमलने वाचा : एक्सेप्शन नाही, कारण घातांकाची ही लिखावट त्याला मान्य आहे. उत्तर येते १२३४५७०००००० : बरोबर १२ आकडी, लांबीची तपासणी पास, आणि पूर्णपणे खोटा. आधारचा शेवटचा आकडा व्हेरहॉफ पद्धतीचा चेक-डिजिट (आधीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, ती तपासणी लावली तर असे बहुतेक क्रमांक पकडले जातात, पण सगळे नाही. त्याहून सरळ उपाय म्हणजे आधार, मोबाइल, बँक खाते, पिन कोड यांना संख्या म्हणून वाचूच नका. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूर. मोबाइल क्रमांक ‘इंट’मध्ये (जावाच्या नेहमीच्या पूर्णांकात) बसतही नाही, इंटची मर्यादा २१४७४८३६४७ आहे. त्यामुळे ९ने सुरू होणाऱ्या, सगळे आकडे बरोबर असलेल्या मोबाइल क्रमांकावरही नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येते आणि नवखा प्रोग्रामर डेटामध्ये चूक शोधत बसतो. १५ पेक्षा जास्त आकड्यांच्या खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे तर एक्सेल स्वतःच शून्य करते. म्हणून पतसंस्थेला कोरी फाइल देताना हे स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून द्या. कितीही चांगला कॅच लिहिला तरी गेलेले आकडे परत येत नाहीत.

देवनागरी अंकांचे काय? हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे आणि जावाचे वागणे इथेही एकसारखे नाही. पार्सइंटला ‘१२३’ देवनागरीत दिले तर ते बरोबर वाचते, बिगडेसिमलही वाचते, पण पार्सडबल एक्सेप्शन फेकते आणि रेजेक्समधला ‘बॅकस्लॅश डी’ (कोणताही एक अंक) फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवर काम करणाऱ्या कारकुनाचा सभासद क्रमांक स्वीकारला जातो आणि त्याच ओळीतली रक्कम नाकारली जाते, मग त्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. त्याचे काही चुकलेले नाही. वाचनाच्या सुरुवातीलाच आकड्यांच्या सगळ्या स्तंभांत देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्या आणि मग तपासणी करा. मराठी माणसासाठीच्या सॉफ्टवेअरने मराठी अंक नाकारावेत हे मला पटत नाही.

त्याच टप्प्यावर न दिसणारी अक्षरेही हाताळा. एक्सेलने ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या तोंडाशी ‘बीओएम’ (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारे न दिसणारे चिन्ह) असतो. जावा तो स्वतःहून काढत नाही, त्यामुळे पहिल्या स्तंभाचे नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि तरी जुळत नाही. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यामागे ‘नॉन-ब्रेकिंग स्पेस’ (साध्या स्पेससारखीच दिसणारी वेगळी जागा) येते. कडेच्या जागा काढणारे ‘ट्रिम’ ती काढत नाही, जावा ११ मधले ‘स्ट्रिप’ही काढत नाही. लॉगमध्ये फक्त ‘फॉर इनपुट स्ट्रिंग’ आणि पुढे अगदी स्वच्छ आकडा दिसतो, आणि माणूस चक्रावतो. असे झाले की त्या मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून बघा, लगेच उलगडा होतो.

मग काय दुरुस्त करायचे आणि काय नाकारायचे? माझी कसोटी अशी : मूळ मजकुराचा एकच अर्थ निघत असेल तरच दुरुस्त करायचे. ‘५०००/-’ याचा अर्थ एकच, ‘/-’ काढा. ‘१,२५,०००’मधले स्वल्पविराम योग्य जागी आहेत, काढा. पण ‘५०,००’? हे ५० रुपये की ५००० रुपये? इथे स्वल्पविराम काढून टाकणारा कोड पैशांचा निर्णय स्वतः घेतो आहे. नाकारा. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्याचे पाचवे अक्षर नेहमी शून्यच असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ असेल तर शून्य करा आणि तशी नोंद ठेवा. पण रकमेत ‘१ओ०००’ दिसले तर हात लावू नका. रिकामा सेल, ‘निरंक’ आणि ‘०’ हे तीन वेगळे आहेत. ‘निरंक’ लिहिणाऱ्याने ठेव नाही असे जाणीवपूर्वक सांगितले आहे, रिकामा सेल सोडणाऱ्याने काहीच सांगितलेले नाही. ‘निरंक’चे शून्य करता येईल, रिकाम्या सेलचे नाही.

आता कोडची रचना. दूध संकलन केंद्रावर प्रत्येक कॅन टाकीत ओतण्याआधी तपासतात, तशी तपासणी डेटाबेसला हात लावण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. काम दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत अख्खी फाइल वाचा, प्रत्येक सेल तपासा आणि चुका एका यादीत गोळा करा. ट्राय-कॅच लूपभोवती नको, एका सेलच्या पार्सिंगपुरता हवा, आणि तिथे फक्त नंबरफॉरमॅटएक्सेप्शन किंवा डेटटाइमपार्सएक्सेप्शन पकडा, बाकी सगळे वर जाऊ द्या. पकडल्यावर एक छोटा ‘रेकॉर्ड’ बनवा : एक्सेलमधला ओळ क्रमांक, स्तंभाचे नाव, जसाच्या तसा मूळ मजकूर, आणि कारण. मूळ मजकूर स्वतःच जपावा लागतो, कारण बिगडेसिमलच्या एक्सेप्शनमध्ये पूर्ण मजकूर मिळेलच असे नाही. डेटटाइमपार्सएक्सेप्शन मात्र मजकूर आणि चूक कितव्या अक्षरावर झाली ते, दोन्ही देते. ओळ क्रमांकाचीही काळजी घ्या : सेलमध्ये दोन ओळींचा पत्ता असेल तर फाइलीतली ओळ आणि एक्सेलमधली ओळ जुळत नाही. माणूस एक्सेल उघडून बघणार आहे, त्याला तिथलाच क्रमांक द्या. स्तंभांची नावेच जुळली नाहीत तर पुढे वाचू नका, तिथेच थांबा. नाहीतर हजारो ओळींवर तीच एक चूक छापली जाईल.

पहिली फेरी स्वच्छ निघाली तरच डेटाबेसमध्ये भरण्याची दुसरी फेरी, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे भरले जाते किंवा काहीच नाही). बऱ्या ओळी भरा आणि वाईट सोडा असे कुणी सुचवेल. वर्गणीदारांच्या पत्त्यांसाठी ते ठीक आहे. ठेवींसाठी मी तसे करणार नाही, कारण अर्धी भरलेली फाइल दुरुस्त होऊन परत आली की कोणत्या ओळी दुबार गेल्या हे शोधणे मूळ कामापेक्षा अवघड होते.

चूक दाखवणारा संदेश कुणासाठी आहे ते लक्षात ठेवा. पतसंस्थेतल्या ताईंना ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ दाखवून उपयोग नाही. असे लिहा : ‘ओळ ४३, ठेव रक्कम : “५०,००” ही रक्कम स्पष्ट होत नाही. ५० रुपये असतील तर ५०.०० लिहा, ५००० रुपये असतील तर ५००० लिहा.’ आणि सगळ्या चुका एकदम दाखवा. एक दुरुस्त केली की दुसरी दाखवायची, हा कामाच्या माणसाचा छळ आहे. लॉगमध्ये मूळ एक्सेप्शन ‘कॉज’ (कारण) म्हणून जोडलेले असू द्या, पण आधार आणि खाते क्रमांक शेवटचे चार आकडे सोडून झाका. चुकीचा आधार क्रमांकसुद्धा बहुतेक वेळा एका आकड्याने चुकलेला खराच असतो.

हीच माहिती उद्या फाइलीऐवजी जेसनमधून (वेबवर माहिती पाठवायचा मजकूर-फॉरमॅट) आली तर तो वाचणारी लायब्ररी जॅक्सन ‘इन्व्हॅलिडफॉरमॅटएक्सेप्शन’ फेकते, त्यात कोणत्या फील्डवर कोणती व्हॅल्यू अडली ते मिळते. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये ते ‘एचटीटीपीमेसेजनॉटरीडेबलएक्सेप्शन’च्या आत गुंडाळून येते, ते उलगडून वरच्यासारखाच संदेश ४०० (विनंती चुकीची आहे, हा वेबचा कोड) सोबत पाठवा. फक्त एक सांभाळा : जॅक्सन २ मध्ये ‘इंट’ फील्डला नल आले तर मूळ सेटिंगप्रमाणे गुपचूप शून्य भरले जाते आणि १२.७५ आले तर १२. पहिल्यासाठी ‘फेल ऑन नल फॉर प्रिमिटिव्ह्ज’ चालू करा, दुसऱ्यासाठी ‘अ‍ॅक्सेप्ट फ्लोट अ‍ॅज इंट’ बंद करा. नाहीतर कॅचमधून काढलेले शून्य याच दाराने परत आत येईल.

राहिला तुम्ही न विचारलेला, पण सगळ्यात निकडीचा भाग : आतापर्यंत भरल्या गेलेल्या शून्यांचे काय? नवा कोड लिहिण्याआधी ते बघा. जुन्या अपलोडच्या मूळ सीएसव्ही फाइली मिळवा आणि नव्या तपासणीची फक्त पहिली फेरी त्यांच्यावर चालवा. चुकांची जी यादी निघेल त्यातले सभासद क्रमांक घेऊन डेटाबेसमध्ये ज्यांची ठेव शून्य आहे ते काढा. एवढ्यावर थांबू नका : वाचनाचा कोड ‘स्प्लिट’चा असेल तर सरकलेल्या ओळींत ठेव शून्य नसून चुकीचा आकडा असू शकतो, म्हणून प्रत्येक ओळीची रक्कम मूळ फाइलीशी ताडून पाहा. जी यादी उरेल ती संस्थेच्या व्यवस्थापकांकडे लेखी द्या आणि त्यांनी खातेवही बघून रक्कम सांगेपर्यंत त्या खात्यांवर व्याजाची आकारणी थांबवायला सांगा. दुरुस्ती थेट ‘अपडेट’ क्वेरीने करू नका. जुनी रक्कम, नवी रक्कम, कारण आणि मंजुरी देणारा, अशी नोंद ठेवणाऱ्या व्यवहारातूनच ती झाली पाहिजे.